गावच्या घरासाठी ६५ इंची टीव्ही: अमेरिकेतून आणू की जळगावातूनच घेऊ?

तापीकाठचा

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, विभाग चुकला असेल तर हलवा. मी यावल तालुक्यातला, फैजपूरपासून जवळच गाव. गेली अकरा वर्षं टेक्सासात. डिसेंबरात चुलत पुतण्याचं लग्न आहे म्हणून चार आठवडे घरी जातोय (लग्नाचं निमित्त, खरा मुहूर्त भरीत पार्टीचा).

घरी नाना आणि आई, दोघंच. टीव्ही ३२ इंची, त्यात उजव्या बाजूला वरून खालपर्यंत हिरवी रेघ आलीय, वर्ष झालं. नानांना म्हटलं दाखवत का नाही कुणाला, तर म्हणाले मी रेघेच्या अलीकडंच बघतो, पलीकडचं तुझी आई सांगते. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, बातम्यांची खालची पट्टी बसल्या जागेवरून वाचता येत नाही म्हणून उठून टीव्हीपाशी जाऊन उभे राहतात. ते व्हिडिओ कॉलवर बघितलं तेव्हापासून डोक्यात आहे की आता मोठा घ्यायचाच.

तर बेत असा आहे. २८ नोव्हेंबरला इकडे ब्लॅक फ्रायडे, मोठ्या सेलचा दिवस. त्या आठवड्यात ६५ इंची ओएलईडी (ज्याच्या पडद्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, तो) चांगला पडतो. माझ्या हॉलमध्ये तोच आहे, काळा म्हणजे अगदी काळा, रात्री दिवे घालवून बघितलं की दुसरा टीव्ही नजरेला उतरत नाही. तोच नानांना घ्यायचा आणि सोबत घेऊन यायचा. विचारायचं एवढंच की कस्टमवाले अडवतात का, इथला टीव्ही तिथल्या लाईटवर चालतो का, आणि मुंबईहून फैजपूरपर्यंत धड पोचतो का. भिंत मोठी आहे, तिची काळजी नाही.

दुबई_ते_धुळे

भाऊ, तठून काही आनू नको, माले इचार.

२०१२ मध्ये मी दुबईहून ४२ इंची प्लाझ्मा आणला होता. तेव्हा अर्धं विमान टीव्ही घेऊन उतरायचं, पट्ट्यावर बॅगा कमी आणि खोकी जास्त. ड्युटी माफीत बसवता यायचा म्हणून लोक दुबई, बँकॉक, सिंगापूर कुठूनही आणायचे. मग २०१३ च्या ऑगस्टमध्ये रुपया डॉलरला ६५ च्या घरात गेला आणि सरकारने २६ तारखेपासून फ्लॅट टीव्ही त्या माफीतून काढून टाकला, ३५ टक्के ड्युटी अधिक सेस मिळून ३६.०५ टक्के. तेव्हापासून सामानातून टीव्ही आणायची मजा गेली. आजचा दर काय तो कस्टमच्या साईटवर बघून घे, पण फुकट काही येणार नाही. कायमचं परत येणाऱ्यांचे नियम वेगळे असतात, तू तर चार आठवड्यांसाठी येतोय.

आणि त्याआधी विमानवाले. चेक-इन बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून साधारण १५८ सेंटीमीटरची मर्यादा असते. ६५ इंचाच्या खोक्याची नुसती लांबीच त्याच्या पुढे जाते.

आमच्या प्लाझ्माचं पुढं काय झालं ते पण ऐक. धुळ्यात मे महिन्यात ४४ डिग्री, त्यात हा तापायचा, बायको म्हणायची यावर बिबड्या (ज्वारीचे पापड) वाळत घालू का. दोन वर्षांनी बिघडला तोवर पॅनासॉनिकसकट सगळ्यांनी प्लाझ्मा बनवणंच गुंडाळायला घेतलं होतं, पार्ट मिळेना. शेवटी भंगारवाला पण म्हणाला जड आहे, पायऱ्या उतरवून द्या.

मोजूनमापून

वाचतोय. मी अमळनेरचा, सध्या पुण्यात.

भाऊ, तुम्ही म्हणता भिंत मोठी आहे. किती मोठी? टीव्हीचे इंच म्हणजे कर्ण, तिरपा. ६५ इंची टीव्ही आडवा साधारण १४४ सेंटीमीटर भरतो आणि उभा ८१, वरून कडा वेगळ्या. ५५ इंची १२२ बाय ६९. आकड्यात दहाच इंचाचा फरक दिसतो पण भिंतीवर नऊ चौरस फुटांऐवजी साडेबारा चौरस फूट होऊन बसतो.

दुसरं अंतर. नाना बसतात कुठं? ढोबळ हिशोब, कर्णाच्या दीडपट ते पावणेदोनपट लांब बसलं की डोळ्याला बरं वाटतं, म्हणजे ६५ ला आठ-नऊ फूट, ५५ ला सात-आठ फूट. बातम्यांची पट्टी वाचायची असेल तर अंतराला जास्त किंमत आहे, फोर-केला नाही. ५५ इंचावर साध्या फुल एचडीचे ठिपकेसुद्धा सव्वादोन मीटरच्या पुढून सुटे दिसत नाहीत, मग चारपट ठिपके घेऊन नानांना काय मिळणार? (आता मोठ्या साईजमध्ये फोर-के सोडून दुसरं मिळतच नाही म्हणा.)

घरात कोणी असेल त्याला सांगा, जुनी वर्तमानपत्रं चिकटवून १४४ बाय ८१ चा तुकडा करायचा आणि त्या भिंतीवर लावून दोन दिवस राहू द्यायचा. दुकानात सगळे टीव्ही लहान दिसतात कारण दुकान मोठं असतं.

ऱ्हाईनकाठची

मी चोपड्याची, जर्मनीत नऊ वर्षं. हा घोळ मी दोनदा घातलाय म्हणून लिहिते.

युरोपातून आणायचं असतं तर लाईटचा प्रश्न तरी नव्हता, इथं आणि भारतात दोन्हीकडं २३० व्होल्ट ५० हर्ट्झ. अमेरिकेत १२० व्होल्ट ६० हर्ट्झ, त्यामुळे तुम्हाला मागचं स्टिकर वाचायलाच लागेल. तरीही मी नेला नाही, कारण वॉरंटी. जिथं विकला त्या देशापुरतीच. मी कस्टमर केअरला फोन करून विचारलं होतं, बाईंनी फार गोड आवाजात नाही म्हणून सांगितलं.

बाकी परदेशात स्वतःसाठी टीव्ही घेताना पण आपण किती येडेपणा करतो. आमच्या इथं टीव्ही असो नसो, घरटी महिन्याला १८.३६ युरो प्रसारणाची वर्गणी भरावीच लागते, मग नवरा म्हणाला भरतोच आहोत तर मोठा घेऊ. एनर्जी लेबलवर ए पासून जी पर्यंत अक्षरं असतात, २०२१ पासून ती नवी पट्टी आली, मी दुकानात ए शोधत फिरतेय आणि मोठे टीव्ही सगळे एफ नाहीतर जी! विक्रेता म्हणाला ए शोधायचा असेल तर फ्रिजच्या विभागात जा. शेवटी ओएलईडी घेतला, हिवाळ्यात पाच वाजताच अंधार पडतो, पडदे ओढलेले, आम्ही दोघंच, तिथं तो शोभतो. पण आमच्या चोपड्याच्या घरात दुपारी दोन्ही दारं उघडी असतात आणि समोरच्या ओट्यावरचं ऊन सरळ टीव्हीवर येतं. तिथं माझा हा टीव्ही ठेवला तर त्यात आईला स्वतःचंच तोंड दिसेल.

तापीकाठचा

सगळ्यांचे आभार. विमानाचं माप बघितलं, १५८ सेंटीमीटर खरंच आहे, पण मोठ्या सामानाचे जादा पैसे घेऊन नेणारे आहेत, म्हणजे दार अजून बंद नाही. आणि स्टिकर वाचलं, माझ्या टीव्हीवर १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ लिहिलंय. म्हणजे लाईटचा प्रश्न सुटला ना?

ड्युटी धरूनसुद्धा ओएलईडी परवडतो असं माझं गणित सांगतंय.

चाळीसगावचा_वायरमन

नाही सुटला.

मी टीव्ही रिपेरिंगच करतो, एकवीस वर्षं. साहेब राग मानू नका पण तुम्ही टीव्ही निवडताय आणि तो लागणार आहे तुमच्या गावच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर), हे दोन वेगळे विषय आहेत.

स्टिकरवर १०० ते २४० लिहिलंय ते चांगलंच आहे, १२० एकटं लिहिलेला असता तर व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाऊन लावावा लागला असता आणि घरात कुणीतरी एक दिवस प्लग सरळ भिंतीत घातला असता, तसे दोन जळके बोर्ड माझ्या कपाटात आहेत. पण गावात व्होल्टेज कमी होतं तो त्रास टीव्हीला फार नाही, आतला पॉवर सप्लाय तेवढं सांभाळतो. मारतो तो न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर. थ्री फेजच्या लाईनीत न्यूट्रल तुटला की काही घरांत २३० च्या जागी ३५०-३८० येतं, थेट ४०० पर्यंत. मग २४० लिहिलेलं स्टिकर वाचायला कोणी नसतं. एका गल्लीतले सात टीव्ही, चार फ्रीज आणि एक आटाचक्की एका संध्याकाळी गेलेली मी बघितलीय. म्हणून मोठ्या टीव्हीला नुसता स्टॅबिलायझर नको, व्होल्टेज वर गेलं की लाईन तोडणारा घ्या, बोर्डात पण बसवता येतो. आणि पावसाळ्यात वीज कडाडली की डिशच्या छत्रीची वायर काढायची, छत्रीतून सेटटॉप बॉक्स आणि तिथून एचडीएमआयचं पोर्ट, हा रस्ता विजेला पाठ आहे.

आता ओएलईडी. मला पण आवडतो. पण नाना काय बघतात? बातम्या. मराठी बातम्यांच्या चॅनेलवर खाली दोन पट्ट्या, वर एक, कोपऱ्यात लोगो, दुसऱ्या कोपऱ्यात घड्याळ, आणि ते दिवसाला सहा तास. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः जळतो आणि जळून जळून म्हातारा होतो, जिथं कायम तेच चित्र तिथं त्याचा डाग राहतो. कंपन्यांनी त्यावर उपाय केलेत, काही तास चालल्यावर टीव्ही बंद केला की तो आतल्या आत स्वतःला साफ करून घेतो. पण त्यासाठी मागं लाईट चालू पाहिजे. तुमचे नाना टीव्ही रिमोटने बंद करतात की भिंतीवरचा खटका दाबतात?

आणखी एक, पाल. हसू नका. टीव्ही गरम असतो, थंडीत पाल मागच्या जाळीतून आत जाते आणि पॉवर बोर्डवर चिकटते. ती पण जाते, बोर्ड पण जातो. अमेरिकेच्या मॉडेलचा बोर्ड मी आणू कुठून? नंबर जुळत नाही. पॅनल फुटलं तर विचारूच नका, पॅनलची किंमत जवळजवळ टीव्हीएवढीच.

तापीकाठचा

खटका दाबतात. झोपताना घरातले सगळे खटके मोजून दाबतात.

शहादेकरीण

वायरमन भाऊंना +१. वाखु (वाचनखूण) साठवली.

माझा प्रश्न साधा आहे, नानांना विचारलं का? आमच्या सासऱ्यांना दिराने कॅनडातून पैसे पाठवून स्मार्ट टीव्ही घेऊन दिला. बरं झालं ना? रिमोटवर इंग्रजी नावांची चार बटणं, चुकून एक दाबलं की कुठलंसं अॅप उघडायचं, पासवर्ड मागायचं, आणि मग चॅनेल परत काही लागायचं नाही. आण्णा मला शाळेत फोन करायचे, मधल्या सुट्टीत. "सुनबाई, टीव्ही गेला." जायचा कुठं, इनपुट बदललेलं असायचं. शेवटी मी त्या चार बटणांवर पांढरी चिकटपट्टी लावली आणि सेटटॉप बॉक्सच्या रिमोटवरच्या चालू-बंदच्या बटणाला लाल नेलपॉलिश. आता फोन येत नाही.

आवाजाचं पण बघा. पातळ टीव्हीत स्पीकर मागं नाहीतर खाली तोंड करून असतात, आवाज भिंतीला ऐकू येतो, माणसाला नाही. पन्नासच्या वर नेला की घुमतो. म्हाताऱ्या माणसासाठी इंच दहा कमी करा पण खाली एक साऊंडबार लावा.

शेवेची_भाजी

धागाकर्ते, टीव्हीचं जमेल कसंही. भरीत पार्टी कुठं आहे आणि किती तारखेला?

दुबई_ते_धुळे

भरीत कळण्याच्या भाकरीबरोबर की पुरीबरोबर हे आधी ठरवा, मग तारीख.

शेवेची_भाजी

पुरी. यात विचारायचं काय? आणि वांगी काट्यांवर भाजलेली पाहिजेत, गॅसवरचं भरीत म्हणजे ३२ इंची टीव्हीवरची हिरवी रेघ.

संपादक

भरिताचा धागा पाककृती विभागात आहे, वर्षभर चालू आहे. इथं टीव्हीवर बोलू या.

तापीकाठचा

मंडळी, गडबड झालीय.

मोजूनमापून यांच्या सांगण्यावरून भाच्याला कामाला लावलं. तो बारावीला आहे, टेप घेऊन गेला, वर्तमानपत्रं चिकटवली आणि १४४ बाय ८१ चा कागद करून मला व्हिडिओ कॉल लावला. लावायला गेला तर लागेना. आमच्या त्या भिंतीत डावीकडं आतल्या खोलीचं दार आणि उजवीकडं देवळी आहे, देवळीत आईचे देव. दाराच्या चौकटीपासून देवळीपर्यंत किती? साडेचार फूट. १३७ सेंटीमीटर. कागद देवळीवर सात सेंटीमीटर गेला आणि आईने कॉलवरच सांगितलं की देव झाकून मला टीव्ही नको.

मी अकरा वर्षं सांगत फिरतोय की आमची भिंत मोठी आहे. लहानपणी त्या भिंतीला टेकून आम्ही पाच भावंडं ओळीत बसायचो, त्यावरून माझ्या डोक्यात ती मोठी होती.

मग ५५ चा कागद केला, १२२ बाय ६९. तो बसला. भाचा म्हणाला मामा राहू देतो दोन दिवस. दुसऱ्या दिवशी फोन केला तर नाना भिंतीपाशी खुर्ची टाकून बसलेले. चष्मा लावून तो कागद वाचत होते. जुना अंक होता, त्यात केळीचे भाव होते, मला म्हणाले हे बघ, तेव्हा काय भाव होता आणि आता व्यापारी काय मागतो.

बाजेपासून भिंत साडेदहा फूट आहे. म्हटलं बाज दोन फूट पुढं घ्या, ५५ इंच तेवढ्या अंतरावरून छान दिसेल. नाही म्हणाले. बाज आहे तिथून त्यांना टीव्ही पण दिसतो आणि खिडकीतून रस्ता पण, कोणाचा ट्रॅक्टर गेला, कोण कोणाकडं गेलं. पुढं सरकली की रस्ता जातो.

मोजूनमापून

रस्ता जाणार असेल तर बाज हलवू नका, ते चॅनेल बंद करता येणार नाही. ३२ पेक्षा ५५ चं क्षेत्रफळ जवळजवळ तिप्पट आहे, पट्टी उभं न राहता वाचता यावी. समोरच्या दुसऱ्या भिंतीवर ६५ मावत असेल तर तेही बघा.

तापीकाठचा

दुसरी भिंत ओट्याच्या दारासमोर आहे, दुपारी सगळं ऊन तिच्यावर. ऱ्हाईनकाठची ताई म्हणतात तसं आईचं तोंड दिसेल.

चाळीसगावचा_वायरमन

मग पहिलीच भिंत. आणि उजेडाची खोली आहे तर मिनी एलईडी बघा, त्यात मागून बारीक बारीक एलईडी पेटतात, उजेड भरपूर, डागाची भीती नाही. क्यूएलईडी नुसतं नावावर घेऊ नका, त्यात रंगाची एक फिल्म असते इतकंच, मागचा दिवा साधा पण असू शकतो, दुकानदाराला विचारा लोकल डिमिंग (मागचा दिवा भागाभागाने मंद होणं) आहे का आणि असे भाग, म्हणजे झोन, किती. तो गडबडला तर पुढच्या दुकानात जा.

भिंत कशाची आहे? जुनं घर आहे म्हणजे मातीत बांधलेली वीट असेल. त्यात लाकडी गुटके आणि स्क्रू टिकत नाहीत, १५ किलोचा टीव्ही आणि ब्रॅकेट एक दिवस गिलाव्यासकट खाली येईल. टेबलावर ठेवा. पण टेबल घेताना टीव्हीचे पाय मोजा, आजकाल पाय दोन्ही टोकांना असतात, लोक चार फुटी टेबल आणतात आणि पाय हवेत.

उंची पण सांगतो. दुकानातला पोऱ्या फिटिंगला आला की दाराच्या चौकटीच्या वर लावतो, मग सगळं घर मान वर करून. बाजेवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यासमोर टीव्हीचा मध्य यायला पाहिजे.

ऱ्हाईनकाठची

आणि पैसे इथून पाठवा, खरेदी भाच्याला करू द्या. तसंही २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचाच्या वरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, अमेरिकेचा भाव आणि वर ड्युटी यात आता फार काही उरत नाही.

खोकं उभंच न्यायला सांगा. माझ्या भावाने एका दुकानातून घेतला, टेम्पोवाल्याने आडवा टाकला आणि वर दोन पोती. घरी उघडला तर एका कोपऱ्यातून कोळ्याचं जाळं. दुकानदार म्हणाला घरी फुटला, टेम्पोवाला म्हणाला दुकानातूनच फुटका होता. सही करायच्या आधी खोकं उघडून, चालू करून, मोबाईलवर शूटिंग करून घ्या. भावाने केलं नव्हतं.

दुबई_ते_धुळे

जळगावात गोलाणी मार्केटपासून सुरू कर आणि तीन दुकानं फिरल्याशिवाय पैसे काढू नको. पहिल्या दुकानाचा भाव दुसऱ्याला सांगायचा, दुसऱ्याचा तिसऱ्याला. पाचशे रुपयांसाठी नाही, ती रीत आहे.

तापीकाठचा

ठरलं. ५५ इंची मिनी एलईडी, जळगावातून, मी आल्यावर भाच्याबरोबर जाऊन. ब्लॅक फ्रायडेला इथून फक्त मुलांचे जर्किन घेतो. बायको म्हणाली, तीन आठवडे रात्री जागून काय ठरवलं, तर टीव्ही न्यायचा नाही.

(अवांतर: मला स्वतःला ७७ इंची ओएलईडीची अजून हौस आहे. त्याचा धागा वेगळा काढीन.)

शहादेकरीण

टीव्ही आला की नक्की सांगा. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

तापीकाठचा

धागा वर काढतोय, गावाहून लिहितोय, मोबाईलवर, चुका सांभाळून घ्या.

टीव्ही आला. तीन दुकानं फिरलो, लोकल डिमिंगचं विचारल्यावर पहिल्याने पंख्याचं बटण दाखवलं. दुसऱ्याकडून घेतला. खोकं टेम्पोत उभं, मी आणि भाचा दोन्ही बाजूंनी धरून, भुसावळच्या रस्त्याने प्रत्येक गतिरोधकाला श्वास रोखून. पाय मोजून पाच फुटी टेबल घेतलं, उजवीकडं देवळीच्या खाली सरकवलं, दार अर्धा इंच वाचलं. लाईन तोडणारं यंत्र बोर्डात बसवून घेतलं, तिसऱ्याच दिवशी संध्याकाळी सातला व्होल्टेज वर गेलं आणि त्याने लाईन तोडली, नाना म्हणाले नवीन टीव्ही तीन दिवसांत गेला का.

पट्टी बाजेवरून वाचता येते. मोठ्याने वाचून दाखवतात, आईला वाचता येतं तरी. साऊंडबार लावलाय, आवाज १८ वर, शेजारचे आबा ओट्यावर बसून खिडकीतून बातम्या ऐकतात आणि जाहिरात लागली की हाक मारून चॅनेल बदलायला सांगतात.

एकच आहे. स्क्रीनवर जी पातळ प्लॅस्टिकची फिल्म येते ना, ती नाना काढू देत नाहीत. धूळ बसते म्हणतात.

चाळीसगावचा_वायरमन

काढा साहेब. आपल्या उन्हाळ्यात ती कडेला चिकटून बसते, मग नखाने खरवडावी लागते आणि चरे पडतात.

तापीकाठचा

काढली. रात्री ते झोपल्यावर, भाच्याने बॅटरी धरली आणि मी एका कोपऱ्यातून सोलली, एवढा आवाज झाला की कुत्रं उठलं. सकाळी नानांनी बघितलं, काही बोलले नाहीत. दुपारी घरी आलो तर आई टेप घेऊन टीव्हीपाशी उभी. आडवा, उभा, जाडी, सगळं मोजून कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवलंय, १२३ बाय ७१. फैजपूरच्या शिंप्याकडं कव्हर शिवायला टाकायचंय, झालरीचं. मला विचारत होती लाल बरं दिसेल की मोरपंखी.

चाळीसगावचा_वायरमन

मोरपंखी. मागची जाळी उघडी ठेवायला सांगा शिंप्याला, आणि रिमोटच्या डोळ्यावर झालर येऊ देऊ नका.